बाळ आणि सुई यांच्यामधला आडत्या

बिबवेवाडीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांना मतदानाचा हक्क मिळाला, तर पहिल्याच बैठकीत ती माझ्या आतोबांना तालुक्याबाहेर हद्दपार करतील. इतका नावडता माणूस त्या वयोगटाने दुसरा पाहिलेला नाही. आतोबा भाजी आणायला खाली उतरले की बाबागाड्यांमध्ये खळबळ माजते. आईच्या कडेवर शांतपणे बिस्कीट चघळणारं मूल त्यांच्या मिशा पाहून आधी थिजतं, मग खालचा ओठ बाहेर काढतं, आणि मग असा सूर लावतं की कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा हात थांबतो. आतोबा मात्र समाधानाने मान डोलावतात आणि त्या मुलाच्या आईला विचारतात, "दीड वर्षाची लस झाली का?" ना नमस्कार, ना चमत्कार. आई "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणाली की "बुधवारी. बाळाचं पोट भरून आणा" एवढं सांगून ते कोथिंबिरीकडे वळतात. परक्या माणसाला हे बोलणं धमकीसारखं वाटेल. ती धमकीच असते.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जन्मभर ते मार्केट यार्डात लसणाचे आडते होते. आडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्या गाळ्यावर उतरवून घेणारा, लिलाव पुकारून तो विकणारा, आणि विकणारा व घेणारा या दोघांच्याही मनात 'आपण नागवले गेलो' ही समान भावना निर्माण करणारा माणूस. ही व्याख्या त्यांचीच आहे. या धंद्यात त्यांनी काय कमावलं ते आत्याला ठाऊक, पण आवाज मात्र असा कमावला की दूधवाल्याशी ते कुजबुजले तरी समोरच्या सोसायटीतले लोक अर्धा लिटर जास्त घेतात. गाळा पुतण्याच्या हवाली करून ते घरी बसले, त्याच सुमारास आमची सदाशिव पेठेतली इमारत पुनर्विकासाला गेली आणि मी आत्याकडे राहायला आले. मी घरून काम करते. माझ्या मीटिंगमध्ये परदेशातल्या एका सद्गृहस्थांनी एकदा फार अदबीने विचारलं होतं, की तुमच्याकडे मागे काही दंगल वगैरे चालू आहे का. आतोबा आंघोळीचं पाणी गरम झालं का, एवढंच विचारत होते.

शेवटी आत्याने तोडगा काढला. "रोज सकाळी आवाज बाहेर ठेवून या, मग तुम्ही आत या," असं सांगून ती नाश्त्यानंतर त्यांना घराबाहेर काढू लागली. आतोबा जाऊन जाऊन जाणार कुठे? महापालिकेच्या दवाखान्यात त्यांची साखर तपासून झाली होती, तिथे पंखा होता, बाकडं होतं, आणि दुसऱ्याने विकत घेतलेलं वर्तमानपत्र होतं. ते तिथेच बसू लागले. बुधवार लसीकरणाचा वार. एका बुधवारी एक कोवळी आई बाळाला मांडीवर घेऊन बाळापेक्षा जास्त रडत होती आणि बाळ लाथा झाडत होतं. सिस्टर वैतागून आतोबांना म्हणाल्या, "अहो, नुसते बसून वारा खाताय, तर जरा पाय धरा याचे." आतोबांनी पाय धरले. त्या दिवशी ते घरी आले ते नोकरी लागल्यासारखे. जेवताना त्यांनी जाहीर केलं, "शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये आडत्या लागतो. तसाच बाळ आणि सुई यांच्यामध्येही लागतो. फरक एवढाच, की इथे शिव्या आधी मिळतात." आत्या म्हणाली, "आणि आडतीचे पैसे मिळत नाहीत, तेही सांगा."

आता यातली खरी गंमत अशी, की आतोबा स्वतः सुईला भितात. भितात म्हणजे थोडेथोडके नाहीत. टीव्हीवर कुणी इंजेक्शन भरताना दिसलं तरी ते गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालतात. आमची तुळस त्या पाण्याने दोनदा कुजली आहे. पार्किंगमधला गंजका पत्रा हाताला लागला, तेव्हा सिस्टरनी धनुर्वाताचं इंजेक्शन सांगितलं, तर हा माणूस आठवडाभर बोटाला रुमाल गुंडाळून, हात पाठीमागे बांधून, एखाद्या इतिहासातल्या पुरुषासारखा दवाखान्यात वावरला. त्यामुळे बाळ धरण्याची त्यांची एक खास पद्धत आहे. ते बाळाला छातीशी घट्ट घेतात, तोंड भिंतीकडे फिरवतात, डोळे गच्च मिटतात आणि संपूर्ण ताकदीने लसणाचा लिलाव पुकारू लागतात. "पन्नास, पन्नास, एक्कावन, बोला बावन्न, बावन्न एक वार, बावन्न दोन वार..." आणि 'तीन वार'ला सिस्टर सुई टोचतात. बाळ आश्चर्याने गप्प झालेलं असतं, आई रडायची विसरलेली असते, आणि रांगेतले एक-दोन बाप भाव बरा आहे का याचा विचार करत असतात. पण सुई टोचल्यावर बाळ डोळे उघडतं तेव्हा त्याला समोर सिस्टर दिसत नाहीत. त्याला दिसतात त्या आतोबांच्या मिशा. बिबवेवाडीतल्या बालकांनी या गुन्ह्याचा तपास तिथेच थांबवला आहे.

दवाखान्यात न येणाऱ्यांना आणण्याच्याही त्यांच्या तऱ्हा होत्या. कोपऱ्यावरच्या कुकर दुरुस्तीवाल्या चाचांच्या नातवाचा डोस राहिला होता, कारण बुधवारी दुकान कोण सांभाळणार. आतोबा त्यांच्या दुकानात जाऊन बसले. लसीबद्दल चकार शब्द नाही, नुसते चहा पीत बसले. तिसऱ्या चहाला चाचा म्हणाले, "बुधवार को ले जाता हूँ भाईसाब, आप उठो." आतोबा म्हणाले, "तुम जाव. दुकान मैं देखता." चाचा नातवाला घेऊन परत आले तेव्हा दुकानासमोर गर्दी होती आणि आतोबा एका जुन्या पाच लिटरच्या कुकरचा लिलाव पुकारत होते. तो कुकर दुरुस्तीला आलेला होता. त्याच्या मालकीणबाई स्वतःच बोली लावत होत्या.

माझं या कारभारात काय काम, तर इंग्रजी खातं माझ्याकडे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मला मराठी आकडे येत नाहीत, हा आतोबांच्या आयुष्यातला एक कायमचा विनोद आहे. "ए मॅडम, एकोणऐंशी म्हणजे किती गं?" असं ते पाहुण्यांसमोर विचारतात आणि मी पाणी आणायला आत जाते. पण सुशिक्षित आईबापांना गाठायचं असलं की ते मला बरोबर नेतात. अनोळखी माणसाशी बोलायची वेळ आली की मी मोबाइलमध्ये डोकं घालते, याची त्यांना जाणीव नाही, कारण अनोळखी माणूस ही कल्पनाच त्यांना माहीत नाही. एकदा पाचव्या मजल्यावरच्या एका तरुण बाबाने लिफ्टमध्ये आम्हाला झकास इंग्रजीतून सांगितलं, की आम्ही सगळं वाचून, विचार करून, जरा सावकाश वेळापत्रक पाळायचं ठरवलंय. आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाला?" मी पुटपुटले, "उशिरा देणार म्हणतायत." आतोबा त्याला म्हणाले, "असं होय. मग रोग तुमचं वेळापत्रक वाचून येणार आहे का?" तो हसला, आणि बुधवारी आला. मी तेवढ्या वेळात लिफ्टचं वजन-मर्यादेचं स्टिकर पाठ केलं होतं.

पण आतोबांची खरी परीक्षा झाली ती तिसऱ्या मजल्यावर. तिथे अकोल्याकडचं एक जोडपं राहतं, दोघंही हिंजवडीला कामाला. त्यांची ईरा तेव्हा नऊ महिन्यांची होती आणि तिला सांभाळायला तिच्या बाबांची आई गावाहून आली होती. ईराचं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, वाशिमला झालेलं. शेजारच्या सोसायटीत एका मुलाला गोवर निघाला त्या आठवड्यात आतोबा प्रत्येक बाळाची चौकशी करत जिने चढत होते. त्यांनी ईराच्या आजीला विचारलं, "ताई, हिच्या किती झाल्या?" आजी म्हणाल्या, "आमच्या इहीणबाईनं समदं करूनच धाडलं जी." मग आतोबांनी ईराच्या आईला जिन्यात गाठलं. ती म्हणाली, "ते सगळं आई बघतात ना." आतोबा तिथेच थांबले. मला हळूच म्हणाले, म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं, "दोन आडत्यांच्या मध्ये ट्रक उभा आहे. हा म्हणतो त्याने उतरवला, तो म्हणतो याने उतरवला. माल आतच सडतोय."

आणि तसंच होतं. वाशिमच्या आजींनी जन्माचे आणि दीड महिन्याचे डोस दिले होते आणि पुढचं सासरचे बघतील असं समजून लेक-नात पुण्याला पाठवली होती. पुण्यात आलेल्या आजींना वाटत होतं सगळं झालंय, आणि खरं सांगायचं तर थोडं वाटतही नव्हतं. पण विचारायचं कसं? विहिणीला 'सुया टोचल्या का' असं विचारणं म्हणजे 'बाळंतपण नीट केलं का' असं विचारण्यासारखं. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. अशा रीतीने दोन घरांच्या सभ्यतेपायी ते मूल सहा-सात महिने तसंच फिरत होतं. आता राहिलंय असं कबूल करायचं, तर चूक कुणाची हा प्रश्न येणार, आणि तो प्रश्न आला की दिवाळीपर्यंत दोन्हीकडचे फोन बंद. म्हणून आजींनी वेगळाच मोर्चा उघडला. "कायले टोचता त्या लेकराले? गोवर तर आमच्या समद्या पोरायले येऊन गेला. काय झालं त्याइले?" आतोबा म्हणाले, "जे राहिले ते सांगायला राहिले, ताई. जे गेले ते कुठून सांगणार?" आजींनी दार लावून घेतलं.

त्या रात्री आतोबा जेवले नाहीत, म्हणजे दोनच पोळ्या खाल्ल्या. सकाळी मला घेऊन पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेले, सोफ्यावर बसले, आजींना वाशिमला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, आणि दोन्ही विहिणींना एकदम हात जोडून म्हणाले, "चूक माझी आहे. या इमारतीतली पोरं माझ्याकडे असतात. हे बाळ इथे आलं तेव्हाच मी विचारायला हवं होतं. मी झोपलो. तुम्हा दोघींचा यात काही संबंध नाही." यार्डात दोघांच्या मध्ये माल खराब झाला, की कधी कधी आडत्या ती तूट आपल्या अंगावर घेतो, म्हणजे दोघं पुन्हा त्याच गाळ्यावर येतात. मला हे नंतर आत्याने सांगितलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं, की फोनमधल्या आजी आणि सोफ्यावरच्या आजी, दोघींच्या खांद्यांवरचं काहीतरी खाली उतरलं. वाशिमच्या आजी म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ, माणूस आहे, होते कधीकधी." त्यांनी आतोबांना मोठ्या मनाने माफ केलं. आमच्याकडच्या आजी मात्र इतक्या सहज सोडणाऱ्या नव्हत्या. त्या आतोबांच्या, पत्रा लागल्यापासून रुमाल गुंडाळलेल्या बोटाकडे बघत म्हणाल्या, "चूक तुमची नं? मंग सुई तुमालेही. आधी तुमी घ्या, मंग माह्या नातीले."

आतोबांच्या मिशा खाली आल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. पण सौदा तुटू द्यायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय. ते म्हणाले, "ठरलं." आवाज इतका बारीक आला की आजींनी पुन्हा विचारलं.

बुधवारी दवाखान्यात सिस्टर आमची वाटच बघत होत्या. "या आडते, आज तुमचा माल उतरवू," म्हणाल्या. आतोबांनी बाही वर केली, तोंड भिंतीकडे फिरवलं, डोळे मिटले आणि लिलाव पुकारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. समोर आजी ईराला मांडीवर घेऊन बसलेल्या. "बोला नं भाऊ, आता काऊन गप झाले?" रांगेतल्या सगळ्या आया बघत होत्या. आता आजी उठून चालू लागतील अशी मला भीती वाटत होती. मी कधी मोठ्याने बोलले आहे असं मला आठवत नाही. पण त्या भिंतीजवळ उभी राहून मी म्हणाले, "पन्नास." मग म्हणाले, "एक्कावन, बावन्न." कशीबशी सत्तावन्न, अठ्ठावन्नपर्यंत आले, आणि तिथे माझं शिक्षण संपलं. पुढचा आकडा मला येत नव्हता. सगळा दवाखाना थांबला होता. मी घाबरून म्हणाले, "एकोणपन्नास."

आतोबांनी डोळे मिटलेलेच ठेवले, पण अख्खी मान फिरवली. "भाव पडला कसा?" ते गरजले. "अठ्ठावन्नवरून एकोणपन्नासवर? कोण बोली लावतंय? गाळ्यावर आग लागली काय?" ते या अन्यायाबद्दल अजून बरंच बोलणार होते, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "झालं. कापूस दाबून धरा." आतोबांनी एक डोळा उघडला, दंडाकडे पाहिलं, सुई होऊन गेल्याची पक्की खात्री करून घेतली, आणि मग रीतसर बाकड्यावर आडवे झाले. सिस्टर म्हणतात की टोचल्यानंतर इतक्या उशिरा चक्कर येणारा माणूस त्यांनी नोकरीत पाहिला नाही. आजी पदरात तोंड घालून हसत होत्या, हसता हसता डोळे पुसत होत्या. मग त्यांनी स्वतःच ईराला घट्ट धरलं आणि सिस्टरना म्हणाल्या, "टोचा बाप्पा. म्हाताऱ्यानं शब्द पाळला." गोवराची आणि राहिलेल्यांतली जेवढी देता येत होती तेवढी त्या दिवशी झाली. बाकीची महिन्याने.

यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. ईरा रडली तेव्हा आतोबा बाकड्यावर पंख्याकडे बघत पडले होते. म्हणजे बिबवेवाडीतल्या बालकांमध्ये ही एकटीच अशी, जिच्या मनात त्यांच्याविरुद्ध काही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये तिने त्यांच्याकडे पाहिलं, हसली, आणि हात पुढे करून डावी मिशी ओढली. आतोबांना काय करावं ते कळेना. त्यांचा मुलगा परदेशात, नातवंडं फोनवर, तीही इंग्रजीत. त्यानंतरचा महिनाभर आमच्या घरात मिशांना खोबरेल तेल लागत होतं. लक्ष्मी रोडवरून एक खुळखुळा आला. सकाळी नऊला आजी ईराला खाली आणत, तर आतोबा पावणेनऊपासून पार्किंगमध्ये कामाचं नाटक करत. ती त्यांच्या कडेवर बसून मिशा ओढायची आणि ते मला सांगायचे, "बघ मॅडम, हिला माणसाची पारख आहे." आत्या वरून म्हणायची, "अजून नवीन आहे ती."

महिन्याने पुढच्या डोसचा बुधवार आला. आजी लेकीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेल्या होत्या. ईराची आई सुट्टी काढून आली, पण सुई बघताच बाहेर जाऊन उभी राहिली. आतोबा कोपऱ्यात, खांबाआड उभे होते. मला म्हणाले, "आज तू धर." मी धरलं. ईराने अशी लाथ मारली की सिस्टर म्हणाल्या, "पोरी, सैल धरलंस. अशाने सुई वाकडी जाईल. आडते, या बरं तुम्ही." आतोबा हलले नाहीत. सिस्टर सुई खाली धरून थांबल्या. मग ते आले. त्यांना पाहून ईरा खुदकन हसली आणि स्वतःहून त्यांच्याकडे झेपावली. त्यांनी तिला छातीशी घेतलं, तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि लिलाव सुरू केला. या वेळी इतक्या हळू, की फक्त आम्हालाच ऐकू आला. अठ्ठावन्ननंतर माझ्याकडे न बघता, मुद्दाम सावकाश म्हणाले, "एकोणसाठ." मग एक वार. दोन वार. तिसरा पुकारायला त्यांनी जरा वेळ लावला. सिस्टरनी घाई केली नाही.

ईरा आता चांगली धावते. आतोबांना पाहिलं की आईच्या मागे लपते आणि इमारत डोक्यावर घेते. आतोबा म्हणतात, "आवाज बघ काय लागलाय. यार्डात गाळा घेऊन देऊ हिला." पण सकाळी नऊच्या सुमारास लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबल्याचं दिसलं, की ते गुडघे दुखत असूनही जिन्याने जातात. परवा मी खाली उतरले तेव्हा ते पार्किंगमधल्या खांबाआड पाठ करून उभे होते. मी विचारलं, "काय करताय आतोबा?" ते म्हणाले, "हळू बोल, मला पाहील. बाळ फिरून येऊ दे." त्यांचा आवाज एवढा हळू होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. गाडीच्या काचेत त्यांना मागून जाणारी ईरा दिसत होती, खुळखुळा हलवत चाललेली. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत ते त्या काचेत बघत राहिले.